डॅकचं इनपुट निवडताय? या चुका टाळा

डॅकवर, म्हणजे डिजिटल सिग्नलचं अॅनालॉग आवाजात रूपांतर करणाऱ्या खोक्यावर, दीड-दोन लाख घालवायचे आणि मग पाठीमागच्या सॉकेटांपैकी जे सगळ्यात भारी दिसेल त्यात वायर खुपसायची, हे बघून बघून कंटाळा आलाय. इनपुट डॅककडे बघून ठरत नाही, सोर्सकडे बघून ठरतं. टीव्ही, लॅपटॉप, सीडी प्लेयर, जे घरात आहे ते आधी कागदावर लिहा.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक एचडीएमआयची. ठाण्याच्या एका काकांचा फोन, "अरे पीस खराब निघालाय, परत करतोय." जाऊन बघतो तर टीव्हीची एचडीएमआय केबल डॅकच्या आय-टू-एस सॉकेटात. आय-टू-एस ही फिलिप्सने १९८६ मध्ये आणलेली सोय, खोक्याच्या आत एका चिपकडून दुसरीकडे आवाज न्यायला. काही कंपन्यांनी ती बाहेर काढली आणि सॉकेट वापरलं एचडीएमआयचं, आतला सिग्नल मात्र वेगळाच, टीव्हीशी काही संबंध नाही. कुठल्या पिनवर काय याचंही एकच स्टँडर्ड नाही, त्यामुळे दोन कंपन्यांची खोकी जोडली की कधी शुकशुकाट कधी नुसता खरखराट. टीव्हीसाठी सॉकेटवर एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून बाहेर आणणारी सोय) लिहिलेलं लागतं. काकांना ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी केबल, लावून दिली तरी आवाज नाहीच, कारण टीव्ही डॉल्बीचा बिटस्ट्रीम, म्हणजे दाबून बांधलेला आवाज, पाठवत होता आणि साध्या स्टिरिओ डॅकला तो कळत नाही. साउंड सेटिंगमध्ये पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) केलं आणि बातम्या सुरू झाल्या. काकू म्हणाल्या, "चार दिवस किती शांत होतं घर."

दुसरी चूक, यूएसबीत घूं आवाज आला की दहा हजाराची केबल मागवणं. तो आवाज बहुतेक वेळा अर्थिंगच्या लूपचा असतो, डेस्कटॉप एका प्लगवर, अँप दुसऱ्या, आणि मधे यूएसबीची तांब्याची वायर. मी आधी शंभर-दोनशेची ऑप्टिकल लावून बघतो, तिच्यातून वीज जातच नाही, घूं गेला म्हणजे दोषी सापडला. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, फुकट आहे. अर्थची पिन कापणारे महाभाग मात्र माझ्यासमोर येऊ नका. आणि यूएसबीत जिटर (सिग्नलच्या वेळेतली थरथर) असतो हे जुनं पुराण झालं, आता बहुतेक डॅक असिंक्रोनस असतात, म्हणजे क्लॉक (वेळेचा ठोका) डॅकचंच चालतं. ऑप्टिकल आणि कोअॅक्समध्ये (तांब्याच्या एका वायरीचं डिजिटल इनपुट) मात्र डॅकला क्लॉक येणाऱ्या सिग्नलमधून काढावं लागतं.

ऑप्टिकलवर डीएसडीचा (एक-बिटचा वेगळा डिजिटल फॉरमॅट) हट्ट नको. डीओपीने (डीएसडी पीसीएमच्या पाकिटात घालून पाठवायची पद्धत) साधं डीएसडी६४ पाठवायला १७६.४ किलोहर्ट्झ लागतात आणि बरीच ऑप्टिकल सॉकेट ९६ लाच दम तोडतात.

कोअॅक्सला ७५ ओहमची केबल हवी. जुन्या डीव्हीडी प्लेयरची पिवळी व्हिडिओची वायर चालते, लाल-पांढरी लावू नका.

एईएस (स्टुडिओतलं तीन पिनांचं डिजिटल इनपुट) म्हणजे ११० ओहमची केबल, सीडी प्लेयरला तसं आउटपुटच नसेल तर त्यासाठी डॅकचे जास्त पैसे का मोजताय?

विंडोजवर प्रत्येक गाण्याला डॅकचा डिस्प्ले ४८ किलोहर्ट्झच दाखवत असेल तर विंडोज सगळं रिसॅम्पल करतंय, म्हणजे गाण्याचा सॅम्पल रेट बदलतंय, प्लेयरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजचं मिक्सर टाळून आवाज थेट डॅककडे पाठवायचा पर्याय) चालू करा. पण डिस्प्लेकडे बघायला वेळ कुणाला, थेट "आवाज मोकळा झाला" अशी पोस्ट टाकून मोकळे.

आणि नवीन ऑप्टिकल केबल लावली आणि काहीच ऐकू येत नसेल तर मला फोन करण्याआधी टोकावरची छोटी प्लॅस्टिकची टोपी काढली का ते बघा.