तारखांची वही

मुंबईत आले त्या आठवड्यात शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या मेकअपरूममध्ये एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या मांडीवर मी एक जाड वही पाहिली. एका पानावर एक महिना. नाटकाचे प्रयोग हिरव्या शाईत, शूटिंग निळ्या, आणि अजून पक्कं नसलेलं सगळं पेन्सिलीनं. त्या म्हणाल्या, "बाळा, काम तू शिकशीलच. तारीख पाळायला आधी शीक." तेव्हा मला ते बोलणं फार कोरडं वाटलं. आज नाटक आणि मालिका मिळून 18 वर्षं झाली, आणि नव्या मुली भेटायला आल्या की मी त्यांना सगळ्यात आधी वही घ्यायला सांगते.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथे नाटक केलं, ते गाव. आमच्याकडे नाटकाचं वेड घराघरात, पण आपल्या मुलीनं त्यात जायचं म्हटलं की घर गप्प होतं. पुण्याला शिकायला आले आणि पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठीच्या कॉलेजच्या एकांकिकेत शिरले. पहिल्या वर्षी मला एकही वाक्य नव्हतं. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभी राहून मी प्रॉपर्टी, म्हणजे प्रवेशात लागणाऱ्या वस्तू, सांभाळत होते. एका प्रवेशात तांब्या लागायचा. एकदा तालमीला मी तो रिकामाच ठेवला, तर नायिकेनं तो असा सहज उचलला की तिचं दमून घरी येणंच खोटं झालं. त्यानंतर मी रोज तो काठोकाठ भरला. हात, खांदा, श्वास, सगळं बदललं तिचं. मला अभिनयाचा पहिला धडा त्या तांब्यानं दिला, म्हणून बॅकस्टेज करायला मिळालं तर नाही म्हणू नका.

रीतसर शिक्षण घ्यायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. प्रवेश मिळाला तर जरूर जा. नाही मिळाला तर एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेत दोन-तीन वर्षं मन लावून काढा. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठून यायचं, मग समोरचा कितीही गोड बोलो.

मालिकेच्या पहिल्या दिवशी मी असं बोलले की साउंडवाल्या दादांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. दिग्दर्शक जवळ येऊन हळूच म्हणाले, "शेवटच्या रांगेला ऐकवू नकोस, माझ्याशी बोल." कॅमेऱ्यापुढे आवाज आत घ्यायला मला महिना लागला. मग उलटंच झालं. सहा महिने रोज कॉलर माइकवर पुटपुटल्यावर ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात प्रयोग होता. दुसऱ्याच प्रवेशात बाल्कनीतून आरोळी आली, "आवाज!" आपला प्रेक्षक हे स्पष्ट सांगतो, आणि त्याचं बरोबर असतं. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून शूटिंग असो-नसो, सकाळी वीस मिनिटं मोठ्यानं वाचते. ओव्या, अभंग, जुने उतारे, काहीही. हे कधी सोडू नका.

आता तारखा. मालिका आठवड्याचे सहा दिवस दिसते, शिफ्ट 12 तासांची, आणि नाटकाचे बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी. दोन्ही करायचं असेल तर करारावर सही करण्याआधी बोला आणि लिहून घ्या: प्रयोगाच्या दिवशी किती वाजता सोडणार, दौऱ्याला किती दिवस देणार. लुक टेस्ट, म्हणजे पात्राच्या वेशातली चाचणी, झाली की सगळ्यांना घाई असते. "अहो, करू ना अ‍ॅडजस्ट," असं म्हणतात आणि तेव्हा ते खरंच मनापासून म्हणत असतात. मीही नुसत्या शब्दावर विसंबले. एका शनिवारी लग्नाचा सीन चालू, साठ माणसं सेटवर, मला कोण सोडणार? तिसरी घंटा 40 मिनिटं उशिरा झाली. हाऊसफुल प्रेक्षक टाळ्या वाजवून नापसंती दाखवत होते आणि मी टॅक्सीत नऊवारी नेसत होते. त्या निर्मात्यांनी मला पुन्हा नाटकात घेतलं नाही. मला त्यांचा राग नाही. चारशे माणसांची संध्याकाळ मी खराब केली होती.

पैशांचं थोडक्यात सांगते. नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, बहुधा प्रयोग झाला की पाकिटात हातात येते. मालिकेचे पैसे साधारण तीन महिन्यांनी, 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, वजा होऊन. म्हणून पहिली मालिका मिळाली की लगेच मोठं घर भाड्यानं घेऊ नका, आणि दरवर्षी आयकराचं रिटर्न भरा. सेटवर पोचल्याची आणि सुटल्याची वेळही रोज वहीत लिहा. एका निर्मितीसंस्थेनं माझे काही दिवस हिशोबात धरलेच नव्हते. वही पुढे ठेवली तेव्हा अर्धे पैसे मिळाले. उरलेले अर्धे आले नाहीत, कारण त्या महिन्यात मी कंटाळा केला होता.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. अभिनेत्री भक्ती बर्वे 2001 च्या फेब्रुवारीत, अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे 2012 च्या डिसेंबरात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातांत गेले. आपण सगळे त्याच रस्त्यानं जातो. रात्री साडेअकराला प्रयोग संपतो, सेटवर पोचायचा कॉलटाइम सकाळी सातचा असतो, आणि मधे दीडशे किलोमीटर. तारीख देतानाच विचारा, राहायची सोय आहे का? नसेल तर दुसऱ्या दिवशीचा कॉल दुपारचा मागा. त्यात कमीपणा नाही. मी आता वहीत प्रयोगाच्या खाली आणखी एक ओळ लिहिते: गाडी कोण चालवणार, आणि तो दुपारी झोपला होता का.