श्रावण लागायच्या आधी: किडनीच्या पेशंटच्या उपवासाची तयारी

किडनीच्या पेशंटच्या घरात सगळ्यात बेसावध दिवस कुठला, तर उपवासाचा. कांदा-लसूण नाही, डाळ नाही, फळं भरपूर, मग बिघडणार काय, असं सगळ्यांनाच वाटतं. पण थकलेल्या किडनीला पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं. म्हणून ताटातलं पोटॅशियम मोजून बघा. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण 420 मिलिग्रॅम पोटॅशियम. दीडशे ग्रॅम बटाट्याच्या भाजीत 600 च्या आसपास. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम दाण्यांत 200. वर पेलाभर शहाळ्याचं पाणी प्यायलं की आणखी 500. झाले 1,700. ज्याला डॉक्टरांनी दिवसाला 2,000 ची मर्यादा घालून दिली आहे, त्याचा कोटा दुपारीच संपत आला. म्हणून श्रावण तोंडावर आला की आठवडाभर आधी कामाला लागावं. नवरात्र आणि महाशिवरात्रीलाही हेच.

सुरुवात ताज्या रिपोर्टने करा. रक्तातलं पोटॅशियम (रिपोर्टवर mEq/L किंवा mmol/L असं लिहिलेलं असतं) साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावं. ते 5.5 च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात आणि 6.5 च्या पुढे तर हृदयाचे ठोके बिघडण्याची धास्ती असते. किडनीच्या प्रत्येक पेशंटला हे पथ्य लागतंच असं नाही. पोटाचं डायलिसिस करणाऱ्या काहींचं पोटॅशियम उलट कमी पडतं. तेव्हा शेजारच्या काकांचा डाएट चार्ट आपल्या फ्रिजवर चिकटवू नये. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवीच बरोबर न्या. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या पोटॅशियम वाढवू शकतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण आपण उपवास धरणार आहोत हे डॉक्टरांना ठाऊक हवं. मधुमेह असेल तर इन्सुलिनचं काय करायचं, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मग कॅलेंडर आणि डायलिसिसची पाळी शेजारी शेजारी ठेवा. हे कुणी करत नाही आणि घोळ इथेच असतो. मंगळ-गुरू-शनी अशी पाळी असेल तर शनिवारनंतर थेट मंगळवार. श्रावणी सोमवार बरोबर त्या लांब खाड्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, म्हणजे रक्तात पोटॅशियम आधीच साठलेलं असताना वर केळी-बटाटे. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस असेल तर खाडा याहून मोठा. अशा वेळी सोमवार सोडून दुसरा वार धरता येईल का, हे घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून घ्यावं. माझ्या मते देवाला वाराचं एवढं पडलेलं नसतं, पण सासूबाईंना असतं, म्हणून आधी बोलायचं. निर्जळी उपवास तर नकोच. पोटात काही गेलं नाही की इन्सुलिन उतरतं आणि पेशींमधलं पोटॅशियम रक्तात येतं. त्यामुळे काहीही न खाता आकडा चढू शकतो.

आता स्वयंपाकघर. साबुदाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच. खिचडी जड होते ती दाण्याच्या कुटाने आणि बटाट्याने. कूट वगळलं की साबुदाणा चिकटतो ही तक्रार खरी आहे. त्याला उपाय असा, की पिठूळ पाणी जाईपर्यंत साबुदाणा दोन-तीनदा धुवायचा, तो जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवून भिजवायचा, आणि तुपा-जिऱ्यावर घातल्यावर उलथणं फार चालवायचं नाही. वरून काकडीचा कीस आणि चमचाभर ओलं खोबरं. दाण्यांची चव येत नाही हे कबूल, पण भूक भागते. मधुमेह्यांनी मात्र साबुदाणाही वाटीभरच खावा.

बटाट्याशिवाय जमणारच नसेल तर तो सोलून जाड किसणीवर किसा, भरपूर पाण्यात दहाएक मिनिटं उकळा आणि गाळून पाणी ओतून द्या. किसाला हे केलं तर पाऊण भागाच्या आसपास पोटॅशियम पाण्यात उतरतं, फोडींना केलं तर निम्मं. रात्रभर गार पाण्यात नुसता भिजत ठेवून फारसं काही साधत नाही, आणि कुकरमध्ये सालासकट उकडून तर त्याहून कमी. पिळलेला कीस तुपावर मिरची-जिऱ्याबरोबर परतला की बरा लागतो. काढलेलं पाणी पीठ भिजवायला किंवा आमटीत वापरायचं नाही, सगळं मोरीत. रताळ्याचंही असंच. राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, खजूर डब्यात मागे ढकला. गोडाला गुळाऐवजी साखर, अर्थात मधुमेह नसेल तर. संध्याकाळी उपवास सोडताना वालाचं बिरडं आणि अळूची भाजी करणाऱ्या घरांत पेशंटसाठी साधा वरणभात, तोही वरण बेताचं, आधीच ठरवून ठेवा.

फळांत सफरचंद, नासपती, अननस घ्या. 100 ग्रॅमला शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम पोटॅशियमच्या आत-बाहेर भरतात. पेरू त्याच्या तिपटीहून जास्त. कमरख, ज्याला काही ठिकाणी करंबळ म्हणतात, ते कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ किडनीच्या पेशंटने चाखायचंसुद्धा नाही. त्यातलं विष खराब किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि ते मेंदूवर जातं. उचकी थांबत नाही, माणूस बरळायला लागतो, झटके येतात.

मिठाचा डबा तपासा. सैंधव उपवासाला चालतं म्हणून किडनीलाही चालतं असं नाही, तेही शेवटी सोडियमच, म्हणून बेतानेच. खरा धोका ‘लो सोडियम’ मिठाचा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. उपवासाच्या चिवड्याच्या पाकिटावर 508 हा आकडा दिसला तर तेही हेच. देवळातल्या प्रसादाचं केळं कपाळाला लावून नातवाच्या हातात द्यावं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. किडनी थकली की बरंचसं पोटॅशियम आतड्यांतूनच बाहेर पडतं.

शेवटी एक चिठ्ठी लिहून फोनजवळ लावा. त्यावर डायलिसिस सेंटरचा नंबर, 24 तास ईसीजी होणारं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल, चालू औषधं, शेवटचा पोटॅशियमचा आकडा आणि त्याची तारीख. पायांत अचानक बळ राहिलं नाही, मुंग्या आल्या, छातीत धडधड झाली किंवा नाडी मंद लागली तर मंगळवारच्या पाळीची वाट बघायची नाही, तडक कॅज्युअल्टीत जाऊन “डायलिसिसचा पेशंट आहे, पोटॅशियम बघा” असं दारातच सांगायचं. पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही, म्हणून सणानंतरच्या पहिल्या डायलिसिसला मशीन लावायच्या आधी रक्त काढायला टेक्निशियनला सांगून ठेवा.