जुनं जीटीएक्स १०६० घेताय? आधी नाव फोडा, मग कार्ड तपासा

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची १० सिरीज मे २०१६ मध्ये जीटीएक्स १०८० पासून सुरू झाली. सेकंडहँड बाजारात ही कार्डं आजही फिरतात आणि गिऱ्हाईक फसतं ते बहुतेक वेळा नावालाच.

१. नाव वाचा. पुढचे '१०' म्हणजे पिढी, मागचे दोन आकडे म्हणजे पायरी: ३० खाली, ८० वर. मागे 'टीआय' असेल तर त्याच आकड्याच्या साध्या कार्डापेक्षा सरस. इथवर सोपं आहे. खरा घोळ मेमरीच्या आकड्यात. १०६० च्या ६ जीबी आणि ३ जीबीत फरक नुसत्या मेमरीचा नाही: पहिल्यात १२८० कूडा कोअर (चिपमधली गणित करणारी छोटी युनिटं), दुसऱ्यात ११५२. १०५० चं आणखी विचित्र. २ जीबीवाल्यात ६४० कोअर. मागाहून आलेल्या ३ जीबीवाल्यात ७६८, पण मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता) १२८ बिटांवरून ९६ वर आणलेली. जीटी १०३० चा प्रकार तर सरळ लबाडीचा म्हणावा असा: जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतं, डीडीआर४ चं जेमतेम १६.८, आणि दोन्हींचं नाव एकच. म्हणून '१०३० आहे का?' एवढंच विचारू नका, मेमरी कुठली तेही विचारा.

२. पोर्ट बघा. या पिढीच्या चिपमध्ये अॅनालॉग आउटपुट नाही. '१०६०' म्हणून दाखवलेल्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट (जुन्या मॉनिटरचा अॅनालॉग पोर्ट) दिसला तर तिथेच सावध व्हा.

३. जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर) चालवा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरवर विसंबू नका. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचा बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलला की तिथे खुशाल '१०५० टीआय' झळकतं. जीपीयू-झेडमध्ये चिपचं नाव 'जीपी' अक्षरांनी सुरू व्हायला हवं. 'जीएफ' दिसलं आणि शेडर (म्हणजे तेच कोअर) १९२ भरले, तर कार्ड बनावट. नव्या आवृत्त्या अशा कार्डाच्या नावाआधी 'फेक' असंही लिहितात.

४. लोड द्या, म्हणजे कार्डाला कामाला लावा. जीपीयू-झेडच्या 'बस इंटरफेस' (मदरबोर्डशी जोडणी) रकान्यात १.१ दिसलं म्हणून घाबरू नका, कार्ड निवांत असताना वीज वाचवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट सुरू करा; १०६० असेल तर आकडा एक्स१६ ३.० (१६ लेन, पीसीआयईची तिसरी आवृत्ती) वर जायला हवा. एक्स८ वरच अडकला तर कार्ड काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, नीट बसवा. तरीही तेच आलं तर दुसऱ्या मदरबोर्डवर लावून बघा, दोष स्लॉटचाही असू शकतो. मग पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके उमटले तर मेमरी जाण्याच्या बेतात आहे, कार्ड परत द्या. नुसतं तापत असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून बहुधा भागतं.

५. पीएसयू (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) जुळवा. १०६० ला १२० वॅट लागतात, बहुतेक कार्डांना ६ पिनची केबल जोडावी लागते. १०५० टीआय ७५ वॅटचं, त्यातली बरीच स्लॉटच्या विजेवरच चालतात.

भाव करताना एक गोष्ट धरा: या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. ड्रायव्हर घालताना ५८० मालिकेतलाच घ्या.