नागपूरची हिवाळी बाग : बियाण्याला दोष देण्याआधी या चुका तपासा

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत त्याच तक्रारी ऐकू येतात. सांबार (कोथिंबीर) उगवलाच नाही. फुलकोबीला लिंबाएवढा गड्डा आला आणि तिथेच थांबला. शेवंती कमरेएवढी झाली, पण कळीचा पत्ता नाही. शेवटचं वाक्यही ठरलेलं असतं : "यंदा बियाणंच खराब निघालं."

घरामागच्या पंधरा बाय वीस फुटांच्या परसात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत इतके हिवाळे काढल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. बियाणं क्वचितच दोषी असतं. ऊन कुठून येतं, पाणी किती जातं आणि पेरणी कोणत्या आठवड्यात झाली, एवढं नीट पाहिलं तर बहुतेक बिघाडाचं कारण सापडतं. खत आणि औषधं त्यानंतरची गोष्ट.

ऊन सरकतं, वाफे तिथेच राहतात

माझे पहिले वाफे दक्षिणेच्या कंपाउंड भिंतीला लागून होते, कारण नळ तिथे होता. पावसाळ्यात तिथे भेंडी छान आली. हिवाळ्यात त्याच जागी पालक लांब, पातळ आणि फिकट निघाला, मेथी आडवी पडली. मी खत वाढवलं, मग पाणी वाढवलं, दुसऱ्या वर्षी बियाणं बदललं. दोन हिवाळे असेच गेले.

मग एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता भिंतीची सावली जिथे संपते तिथे चुन्याची रेघ ओढली, तेव्हा उलगडा झाला. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यात दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर येतो. म्हणजे सहा फुटी भिंतीची सावली ऐन बारा वाजताही सहा फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. शेजारी दुमजली घर असेल तर सगळं परसच सावलीत जातं.

म्हणून वाफे आखण्याआधी एक दिवस सावली मोजा. टमाटर, वांगी, फुलकोबी, वाल आणि झेंडू यांना सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा द्या. पालक, मेथी, सांबार आणि आंबट चुका तीन-चार तासांतही भागवून घेतात. भिंतीजवळच्या सावलीच्या पट्ट्यात काहीच पेरू नका, तिथे कंपोस्टचा खड्डा ठेवा.

आणि ती हिरवी जाळी! मार्च-एप्रिलमध्ये आपण ती गच्चीवर बांधतो, कारण त्याशिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात कुंडीतलं काही जगत नाही. पण ती सोडायची आठवण राहत नाही. डिसेंबरचं ऊन आधीच कोवळं, त्यात निम्मं जाळीच अडवते. दसऱ्याला झेंडूची तोरणं बांधता ना, त्याच दिवशी जाळी सोडून घडी करून ठेवा.

वरून कोरडी, आतून ओली

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. हा तिचा मोठा गुण आहे, पण हिवाळ्यात तोच अंगलट येतो. वरचा थर दोन दिवसांत वाळतो, त्याला भेगा पडतात आणि माणसाचा हात पाइपाकडे जातो. खुरपीने चार बोटं खोल उकरून पाहा. बहुतेक वेळा आत ओल असते, मूठ वळली तर गोळा होतो. अशा जमिनीत रोज पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही, खालची पानं पिवळी पडतात आणि रोप दुपारी मान टाकतं. मान टाकलेलं रोप पाहून आपण आणखी पाणी घालतो. माती ओली असून रोप कोमेजलेलं दिसलं, तर मुळं गुदमरली आहेत असं समजा. चार-पाच दिवस पाणी थांबवा आणि कडेची माती खुरपीने हलकी सैल करा.

वाफ्याला डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पाणी पुरतं. नुकत्याच उगवलेल्या पेरणीचं वेगळं. तिला झारीने थोडं थोडं, पण रोजच्या रोज ओलावा लागतो. रोपांच्या ट्रेमध्ये मात्र हात आखडता घ्या. दाट पेरणी आणि सतत चिखल असला की कोबी-टमाटरची कोवळी रोपं मातीच्या रेषेवर सडून रातोरात आडवी होतात. एकदा मर सुरू झाली की आडवी पडलेली रोपं उभी राहत नाहीत. उरलेली विरळ करून उन्हात ठेवावी लागतात.

कुंडीत निव्वळ काळी माती भरणं ही स्वतंत्र चूक. ती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. तळाशी पाणी आलं म्हणून आपण समाधानी होतो, मधला गोळा मात्र कोरडाच असतो. अशी कुंडी बादलीत गळ्यापर्यंत अर्धा तास बुडवून ठेवा, गोळा पुन्हा फुगेल. पुढच्या वेळी भरताना दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड रेती घ्या. रेती बांधकामावर उरलेली चालते, फक्त त्यात सिमेंट मिसळलेलं नसावं.

गाजर आणि मुळ्यालाही ही रेती हवीच. ढेकळांच्या काळ्या मातीत गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. वाफा नऊ इंच उंच करा, ढेकळं फोडा, रेती मिसळा आणि बी जागेवरच पेरा. गाजराची रोपं तयार करून लावण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. उपटताना मूळ दुखावलं की ते वाकडंच वाढतं.

भोगीपासून मागे मोजा

आपला हिवाळा छोटा आहे. ऑक्टोबरभर उकाडा असतो आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुन्हा पंखे सुरू होतात. मधले तीन-साडेतीन महिने काय ते आपले. पाकिटावर 'ऑक्टोबर ते जानेवारी' असं छापलेलं असतं, त्यावर विसंबून डिसेंबरअखेर वाटाणा पेरला तर त्याला फेब्रुवारीत फुलं येतात. तोवर दिवस तापतात, पानांवर भुरी (पांढरी बुरशी) चढते आणि शेंगा चपट्या राहतात.

माझ्यापुरता मी सोपा हिशेब ठेवला आहे. भोगीच्या भाजीत परसातलं काय हवं ते ठरवायचं आणि १३ जानेवारीपासून मागे मोजायचं. लवकर येणाऱ्या वाटाण्याला साधारण ६० ते ६५ दिवस लागतात, म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. गाजराला ८० ते ९० दिवस, म्हणजे कोजागिरीच्या आसपास. मुळा ४५ दिवसांत येतो. मेथी महिनाभरात कापायला मिळते, म्हणून ती एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ पेरावी.

फुलकोबीचं गणित जरा बारकाईनं समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक हिरमुसतात. फुलकोबीच्या लवकर, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या जाती वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीला गड्डा धरायला ठरावीक तापमान लागतं. लवकरची जात उशिरा, थंडीत लावली की चार पानांवरच बटणाएवढा गड्डा येतो. उशिराच्या जातीला, उदाहरणार्थ पुसा स्नोबॉलला, चांगली थंडी हवी. ती ऐन उकाड्यात लावली तर नुसता पाला वाढतो. म्हणून दुकानात 'फुलकोबीचं बी द्या' एवढंच म्हणू नका, कोणत्या महिन्यात लावणार तेही सांगा. दुसरं कारण म्हणजे जून झालेलं रोप. ट्रेमध्ये दीड-दोन महिने अडकून पडलेलं, खोड कडक झालेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. चार ते पाच आठवड्यांचं, चार-पाच पानांचं रोप सगळ्यात चांगलं. लिंबाएवढा गड्डा एकदा आला की कोणतंही खत त्याला मोठं करत नाही. तो काढून भाजीत टाका आणि जागा पालकाला द्या.

सांबार न उगवण्याचं कारण मात्र साधं असतं. धन्याच्या एका फळात दोन बिया असतात. चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलकं रगडून त्याच्या दोन फोडी करा, रात्रभर भिजवा आणि अर्ध्या इंचाहून खोल पेरू नका. मग वाट पाहा. थंडीत उगवायला दोन आठवडेही लागतात. आठव्या दिवशी माती उकरून पाहणारे हात फुटलेले कोंब मोडून टाकतात. आणि डब्यातले वर्ष-दोन वर्षांचे धने असतील तर अपेक्षाच ठेवू नका.

शेवंतीवर कोणाचा दिवा पडतो?

शेवंती वाढते पण फुलत नाही, ही तक्रार घेऊन शेजारच्या काकूंनी दोन वर्षं खतं बदलली. त्यांची कुंडी फाटकाजवळ होती आणि वर रात्रभर जळणारा दिवा. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अखंड अंधाराची रात्र लागते. रस्त्याचा किंवा पोर्चचा दिवा पानांवर पडत राहिला की झाडाला अजून मोठा दिवस चालू आहे असंच वाटतं आणि ते पानंच काढत बसतं. कुंड्या घरामागच्या अंधाऱ्या बाजूला हलवल्या आणि पुढच्या हंगामात त्या फुलांनी भरल्या. जमिनीत लावलेली शेवंती हलवता येत नाही. तिथे पोर्चचा दिवा लवकर मालवणं एवढंच हातात असतं, आणि तेवढं पुरतं.

गुलाबाची कडक छाटणी ऑक्टोबरमध्येच उरकावी. छाटणीनंतर फूल यायला दीड महिना लागतो. डिसेंबरमध्ये आठवण झाली तर फक्त वाळलेल्या काड्या आणि सुकलेली फुलं काढा.

युरिया आणि मावा

थंडीत वाढ मंदावते, पानं जरा फिकी दिसतात आणि मग कोणीतरी मूठभर युरिया टाकायचा सल्ला देतं. कृपा करून टाकू नका. त्याने पाला कोवळा, लुसलुशीत होतो, फुलं मागे पडतात आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) तुटून पडतो. दोन-चार दिवस ढगाळ राहिले की वालाचे शेंडे काळे दिसू लागतात, तो मावाच. ताजं शेणही घालू नका. ते कुजताना मुळं भाजतं आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधळीला (वाळवीला) बोलावतं.

मावा दिसताच फवारणीचा पंप उचलण्याआधी पान उलटून बघा. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, चिमुकल्या मगरीसारखी अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नका. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊन जगणारी. मी पहिल्या वर्षी अशा कितीतरी अळ्या चिरडल्या, याचं आजही वाईट वाटतं. शेंड्यांवर पाण्याची जोरदार धार मारा, फार भरलेले शेंडे खुडून टाका. तरीही मावा वाढला तरच संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

गारठ्याच्या रात्री

नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढी थंडी क्वचित पडते, पण दहाच्या खाली बऱ्याच वर्षी जातं. अशा रात्री टमाटरची फुलं गळतात. तो रोग नाही, रात्री ऊबदार झाल्या की फळं धरतात. कडाक्याची रात्र येणार असेल तर संध्याकाळी मुळांशी हलकं पाणी द्या, पानं भिजवू नका, आणि रोपांवर काठ्या रोवून जुनी साडी टाका. ओली माती दिवसाची ऊब जास्त वेळ धरते. सकाळी साडी काढायला विसरू नका.

तुळशीचं लग्न लागलं की तुळस उतरू लागते. घरात प्रत्येक जण आपापला तांब्या ओततो आणि ती मुळांनी सडते. घरात बोलून दिवसाला एकच तांब्या ठरवा, तोही माती वाळली तरच, आणि मंजिऱ्या खुडत राहा. मोगरा आणि चाफा या दिवसांत झोपलेले असतात. पानं गळाली म्हणून त्यांना खत देऊन उठवू नका. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर करा.

अंगणात संत्र्याचं झाड असेल तर तेही जपा, पण वेगळ्या तऱ्हेने. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) हवा असेल तर त्याला डिसेंबरात पाण्याचा ताण लागतो. भाजीच्या वाफ्याशेजारी असलेल्या झाडाला रोजचं पाणी मिळत राहतं आणि बहाराऐवजी पालवी फुटते. वाफ्याचं पाणी बांध घालून अडवा, पानं जरा मलूल होऊ द्या, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात कुजलेलं शेणखत घालून आधी हलकं, मग भरपूर पाणी द्या. झाडावर मृगाची (जून-जुलैच्या बहाराची) फळं लटकत असतील तर मात्र हा ताण देऊ नका.

फेब्रुवारीत थकलेल्या वाटाण्याला आणि कोबीला वाचवत बसण्यात अर्थ नाही. ते काढा आणि तिथे काकडी, दोडका, भेंडी लावा. एका कोपऱ्यातला सांबार तेवढा न कापता फुलू द्या. त्याच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या आणि ढालकिडे येतात. मार्चमध्ये धने वाळले की कापडी पिशवीत घालून सावलीत टांगून ठेवा, पुढच्या कोजागिरीनंतर रगडून पेरायला घरचंच ताजं बियाणं असेल.