उन्हाळ्यात मोटरच्या अर्थिंगले पाणी द्या
मे महिन्यात काळ्या वावराले हातभर भेगा पडतात न भाऊ, तवा मोटरचं अर्थिंग नावालेच राह्यते. वायरीत करंट म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणं, पण मातीत चार्ज नेतात ते ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन, म्हणजे ओल गेली की रस्ताच बंद, मग बॉडीत लिकेज आलं तरी फ्यूज उडत नाही अन् झटका हात लावणाऱ्याले. म्हणून मेन स्विच बंद करून आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाका, मीठ-कोळसा आधीच भरलेला असन तर बरंच. तरी यावरच विसंबू नका, स्टार्टरच्या आधी ३० मिलीअ‍ॅम्पिअरवाली ईएलसीबी (करंट जमिनीत गळाला की लाइन आपोआप तोडणारी स्विच) वायरमनकडून बसवून घ्या अन् तिचं टेस्ट बटण मधूनमधून दाबून पाहत जा.