टीबीच्या पलीकडे बघायला शिका: रेस्पिरेटरी मेडिसिनला आलेल्या ज्युनिअरांसाठी

नीट-पीजीच्या राउंडमध्ये एमडी रेस्पिरेटरी मेडिसिन (श्वसनरोग) लागलं की घरचे विचारतात, "म्हणजे टीबीचा डॉक्टर का?" खुशाल हो म्हणा. बऱ्याच कॉलेजांत विभागाच्या दारावर अजून 'टीबी अँड चेस्ट' असंच लिहिलेलं आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात तुमचं पहिलं वर्ष बहुतांशी टीबीतच जाणार आहे. ते वाईट नाही. फक्त त्या वर्षात डोळ्यांना एक सवय लागते: एक्स-रेवर वरच्या भागात डाग दिसला की टीबी, छातीत पाणी दिसलं की टीबी, वजन घटलं की टीबी. पुढची दोन वर्षं ही सवय मोडण्यात जातात. तेव्हा सुरुवातीपासूनच सावध राहिलेलं बरं.

आधी टीबी नीट शिका. आणि तो शिकायचा तर बेडक्यापासून. रुग्णाच्या हातात डबी देऊन "थुंकी आणा" म्हटलं की तो थुंकीच आणतो: पांढरी, फेसाळ, पातळ. ती तपासून काही मिळत नाही. त्याला सांगा, "काका, सकाळी उठल्यावर आधी साध्या पाण्यानं चूळ भरा, मोकळ्या हवेत उभे राहा, दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्या आणि मग पोटातून खोकून जे येईल ते डबीत टाका." डबी आली की उजेडात धरून बघा. घट्ट, पिवळसर, चिकट, निदान दोन मिलीलीटर असेल तर पाठवा, नाहीतर परत मागा. बेडका पडतच नसेल तर तीन टक्के सलाइनचं नेब्युलायझेशन देऊन बघा, मात्र हे बंद खोलीत नको आणि तुमच्या तोंडावर एन-९५ हवा. स्मिअरमध्ये (बेडका काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना) जंतू दिसायला मिलीलीटरमागे पाच-दहा हजार तरी लागतात. सीबीनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला शे-सव्वाशे पुरतात, दोन तासांत उत्तर येतं आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही कळतं. तालुक्याकडून येणाऱ्या रुग्णांकडे ट्रूनॅट या तसल्याच तपासणीचा रिपोर्ट असतो. हे बॅटरीवर चालणारं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मान्य केलेलं. त्याला कमी लेखू नका.

आता खरी गोष्ट. ज्याचा टीबीचा कोर्स पूर्वी झालाय त्याच्या फुप्फुसात व्रण राहतात आणि एक्स-रे जन्मभर 'टीबीचा' दिसतो. तो पुन्हा खोकला घेऊन आला की कुठेतरी पुन्हा एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) सुरू होते. तुमच्यासमोर असा रुग्ण आला की पहिला प्रश्न हा: मागच्या वेळी निदान कशावरून झालं होतं? जुनी फाइल, जुना एक्स-रे, जुना रिपोर्ट मागा. नातेवाईक कटकट करतील, तरी मागा. जुना एक्स-रे शेजारी लावून डाग होता तसाच दिसला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. सीबीनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतं, म्हणून अशा माणसात जेमतेम पॉझिटिव्ह आलेल्या रिपोर्टवर उडी न मारता कल्चर (जिवंत जंतू वाढवून बघणं) लावा.

एक नमुना तुम्हाला हमखास भेटेल. तिशी-चाळिशीतली बाई, लहानपणापासून दमा, मधूनमधून ताप, खोकल्यातून तपकिरी घट्ट गुठळ्या पडतात, एक्स-रेवर डाग कधी इथे तर कधी तिथे. एकेटी एकदा, कधीकधी दोनदा झालेली, बेडक्यात जंतू मात्र एकदाही नाही. इथे अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी म्हणजे एबीपीए शोधायचा असतो. अ‍ॅस्परजिलसचा स्पेसिफिक आयजीई आणि टोटल आयजीई या रक्ताच्या तपासण्या करा, मग सीटी. उपचार स्टेरॉइड किंवा इट्राकोनॅझोल, आणि काही आठवड्यांत बाई जिना चढायला लागतात. दमा आणि 'टीबी' एकाच फाइलमध्ये दिसले की मला तरी आधी हाच संशय येतो.

दुसरा नमुना कर्करोगाचा. पन्नाशीपुढचा बिडी ओढणारा माणूस, बेडक्यात रक्त, एका बाजूला फुप्फुस बसलेलं. जंतूचा पुरावा नसताना "दोन महिने एकेटी देऊन बघू" म्हणणं म्हणजे त्याचे दोन महिने वाया घालवणं. सीटी, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघणं), बायोप्सी.

तिसरा नमुना शहरी आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधून सुक्या खोकल्याची, चालताना धाप लागणारी माणसं येतात. पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवला की वेल्क्रो उघडल्यासारखा बारीक आवाज येतो. त्यांना विचारा, "मावशी, गॅलरीत कबुतरं येतात का? दाणे घालता का?" २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी (फुप्फुसाच्या ऊतींना सूज आणि व्रण येणारे आजार) रजिस्ट्रीत सगळ्यात जास्त, सुमारे ४७ टक्के रुग्ण हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे (श्वासातून जाणाऱ्या कणांना वावडं येऊन फुप्फुस सुजण्याचे) निघाले होते, आणि त्यामागे कबुतरांबरोबर एअर कूलरही होते. एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी) सांगताना श्वास सोडल्यावरचे फोटोही मागून घ्या, अडकलेली हवा त्यातच दिसते. गोळ्यांइतकंच महत्त्व कबुतरं बंद करण्याला आहे. पण दाणे घालणं हे पुण्यकर्म मानणाऱ्या घरात ते सांगणं सोपं नसतं, तिथे सून-मुलाला बरोबर घेऊन बोलावं लागतं.

छातीत पाणी असेल तर त्यातलं एडीए हे एन्झाइम ४० च्या वर आणि लिम्फोसाइट पेशी जास्त, म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा टीबी हे खरंच. पण पू झाला असेल, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) असेल तरी एडीए चढतो. सायटॉलॉजी (पाण्यातल्या पेशींची तपासणी) दरवेळी पाठवा. टॅपिंग करताना, म्हणजे पाणी काढताना, सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून घाला, नस आणि रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या काठाला असतात. एका वेळी साधारण दीड लिटरवर थांबा, आणि त्याआधीच रुग्ण सारखा खोकायला लागला किंवा छाती आवळते म्हणाला तर तिथेच.

पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी) मात्र स्वतः करायला शिका, टेक्निशियनवर सोडू नका. जन्मात बिडीला हात न लावलेल्या, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या आजींचा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) तिथेच सापडतो. "भरून घ्या, घ्या, घ्या... आता जोरात फुंका, फुंका, फुंका, सोडू नका!" असं ओरडायला लाज वाटून चालत नाही. सहा सेकंद फुंकायला हवं, तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यातल्या उत्तम दोन फुंकांत १५० मिलीलीटरपेक्षा जास्त फरक नको. आजी दोन सेकंदांत दमून थांबल्या की एफव्हीसी (एकूण फुंकलेली हवा) खोटाच कमी येतो आणि यंत्र खाली छापून देतं 'रेस्ट्रिक्शन', म्हणजे फुप्फुस आक्रसलंय. म्हणून छापील ओळ वाचायच्या आधी आलेख बघा. साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम देऊन १५ मिनिटांनी परत फुंकायला लावा. तेव्हाही एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर ०.७ च्या खाली राहिलं तर अडथळा पक्का.

मग पंप. "पंपाची सवय लागते" हे तुम्ही रोज ऐकाल. त्यावर भाषण देण्यापेक्षा रुग्णाला म्हणा, "तुमचा पंप काढा, माझ्यासमोर घेऊन दाखवा." निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. कुणी रोटाकॅप्सूल (ओढायच्या पावडरची कॅप्सूल) पाण्याबरोबर गिळतं, कुणी पंप दाबून झाल्यावर तोंड उघडतं. स्प्रेचा पंप हळू आणि खोल ओढायचा, कोरड्या पावडरचा जोरात, दोन्हीनंतर दहा सेकंद श्वास रोखायचा, स्टेरॉइडचा असेल तर चूळ भरायची.

ड्यूटीतल्या रात्रींबद्दल दोनच गोष्टी. सीओपीडीच्या रुग्णाचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवा, नातेवाईक कितीही म्हणाले तरी ऑक्सिजन १०० करायच्या नादी लागू नका, आणि एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.३५ च्या खाली व कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर बायपॅप (मास्कमधून दाबानं श्वासाला मदत करणारं यंत्र) लावा. खोकल्यातून रक्ताची उलटीसारखी गुळणी येत असेल तर ज्या बाजूचं फुप्फुस खराब आहे त्याच बाजूवर रुग्णाला वळवा.

निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरच्या नोंदी कंटाळवाण्या वाटतात, पण २०१२ पासून टीबीची नोंद सक्तीची आहे. टीबीच्या रुग्णाला मिळणारे पोषण योजनेचे महिन्याचे पैसे २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५०० चे १००० झालेत आणि बँक खात्याचा एक आकडा चुकला तर ते अडकतात. मजुरी बुडालेल्या माणसाला तो आकडा तुमच्या राउंडपेक्षा महत्त्वाचा असतो.

एमडीनंतर डीएमच्या (सुपरस्पेशालिटी पदवीच्या) जागा थोड्या आहेत. बहुतेक जण ब्रॉन्कोस्कोपी किंवा आयसीयूची फेलोशिप करतात, नाहीतर थेट जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. जिल्ह्यात एक चांगलं पीएफटी यंत्र आणि सोनोग्राफी एवढ्यावर काम उत्तम चालतं. मात्र छातीतलं पाणी बघायला घेतलेल्या सोनोग्राफीलाही पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालची) नोंदणी लागते, ते कागद आधी करून घ्या आणि मशीन नंतर मागवा.