सिंथ पॅच स्पर्धेचं परीक्षण करताय? या चुका टाळा

सिंथचे, म्हणजे संगणकावर आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअर वाद्याचे, पॅच (जुळवून साठवलेले आवाज) बनवायच्या स्पर्धा आता हौशी मंडळी आपापसात भरवतात. एखादा फुकट सिंथ ठरवायचा, मुदत जाहीर करायची, प्रत्येकानं आपले पॅच पाठवायचे आणि शेवटी सगळ्यांनीच ऐकून गुण द्यायचे. सर्ज एक्सटी हा सिंथ अशा स्पर्धांना फार सोयीचा. मूळचा व्हेंबर ऑडिओचा हा सिंथ २०१८ साली मुक्त स्रोत झाला, २०२२ मध्ये एक्सटी या नावानं नव्यानं आला, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. सांगलीत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्याला आणि बर्लिनच्या स्टुडिओवाल्याला इथे हत्यार एकच मिळतं.

पॅच कसा बनवावा यावर भरपूर सांगितलं जातं. तो कसा तपासावा यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि निकाल गडबडतात ते तिथेच. पॅच तयार झाला की तो दुसऱ्याच्या हातात जातो. त्याच्या चाली वेगळ्या, पट्टी वेगळी, बोटांचा जोर वेगळा. म्हणून पॅचला वाद्य म्हणून तपासायला हवं. बहुतेक परीक्षक तो गाणं ऐकावं तसा ऐकतात. खालच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

पॅच बिघडलाय की तुमचा सिंथ?

गुण द्यायच्या आधी एक खात्री करून घ्या: पाठवणाऱ्यानं जो आवाज ऐकला तोच तुम्हाला ऐकू येतोय ना? पॅच बेसूर वाटला तर आधी सर्जमधलं ट्यूनिंग बघा. मागच्या वेळी एखादी वेगळ्या श्रुतींची स्काला फाइल चढवलेली असेल, तर पुढचे पॅचही त्याच श्रुतींत वाजू शकतात. एमपीई (प्रत्येक स्वर वेगळा वाकवू देणारी सोय) चालू राहिलं असेल तर पिच बेंड भलतीकडेच जातो. पाठवणाऱ्यानं मुद्दाम मागितलं नसेल तर ते बंद ठेवा. मॉड व्हील (कीबोर्डवरचं आवाजाचा रंग बदलणारं चाक) मागच्या पॅचच्या वेळी वर सरकवलेलं तसंच राहिलं असेल, तर नवा पॅच विनाकारण कर्कश किंवा थरथरता लागतो. प्रत्येक पॅच उघडल्यावर व्हील एकदा वर नेऊन पूर्ण खाली आणायची सवय लावून घ्या.

सीक्वेन्स किंवा अर्पेजिओ अंगावर धावून येतोय असं वाटलं तर प्रोजेक्टचा टेम्पो बघा. टेम्पोला बांधलेला एलएफओ (आवाज लयीत हलवणारा मंद दोलक) ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांना, झुलतो आणि १४० ला धडपडतो. पाठवणाऱ्यानं टेम्पो लिहिला नसेल तर १२० धरा आणि सगळ्यांना तोच लावा. सिंथची आवृत्ती आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) तर स्पर्धेच्या नियमांतच ठरलेले हवेत. नव्या आवृत्तीतली सोय वापरलेला पॅच जुन्या आवृत्तीत उघडला की आवाजाचा एखादा भागच गायब होतो, आणि दोष मात्र बनवणाऱ्याच्या माथी येतो.

आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर गुण देऊ नका. बेस गिटारची सर्वात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनमधून तिचा मूळ स्वर येतच नाही, येतात फक्त वरचे हार्मोनिक्स. अशा वेळी शुद्ध, खोल सब-बेस मार खातो आणि करकरणारा बेस जिंकतो.

फक्त डेमो ऐकून गुण देणं

सगळ्यात मोठी चूक ही. सोबत आलेली ऑडिओ क्लिप ऐकायची, आवडली की आठ, नाही आवडली की पाच. क्लिप म्हणजे बनवणाऱ्यानं निवडलेली सर्वात अनुकूल जागा असते. नेमका तो सप्तक, तोच जोर, तीच चाल. त्यात काही गैर नाही, प्रत्येक जण आपलं उत्तम तेच पुढे करणार. पण परीक्षकानं तिथे थांबू नये. पॅच उघडा आणि हातानं वाजवा.

पट्ट्यांवर वरपासून खालपर्यंत फिरा. बऱ्याच पॅचमध्ये मधला सप्तक देखणा असतो, पण दोन सप्तक वर गेलं की आवाज गुदमरतो. कारण बहुधा साधंच असतं, आवाज गाळणाऱ्या फिल्टरचा कीट्रॅक (स्वराबरोबर तो सरकवणारी सोय) शून्यावर राहिलेला असतो. स्वर वर जातो, फिल्टर जागचा हलत नाही. उलट खाली गेल्यावर आवाज नुसता चिखल होतो का, तेही बघा. लीडचा (मुख्य धून वाजवणारा) पॅच असेल तर खालच्या सप्तकात तो बरा वाजला नाही म्हणून गुण कापू नयेत. पण ज्या कामासाठी पॅच बनवलाय त्या पट्ट्यात तो अखंड टिकला पाहिजे.

मग जोर बदला. हळू, मध्यम, दणकून. मिडीमध्ये (कीबोर्ड आणि संगणक यांच्यातल्या संकेतांत) व्हेलॉसिटी, म्हणजे बोटाचा जोर, १ ते १२७ असते. चांगल्या पॅचमध्ये या प्रवासात काहीतरी घडतं. फिल्टर उघडतो, अटॅक (स्वराची सुरुवात) टोकदार होतो, एखादा ऑपरेटर (आवाजाचा एक घटक स्रोत) जागा होतो. नुसता आवाज लहानमोठा होत असेल तर अर्धंच काम झालंय. सगळं एकाच पातळीवर राहत असेल तर ती निवड आहे की विसर, हे पॅचच्या जातीवरून ठरवा. ऑर्गनला व्हेलॉसिटी नसणं योग्यच, इलेक्ट्रिक पियानोला नसणं हा दोष. इथे तुमच्या कीबोर्डचाही हात असतो. काही कीबोर्ड दणकून वाजवले तरी १२७ गाठत नाहीत. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ ची स्वतःची की-बेडही तशीच होती, म्हणून त्या काळचे आवाज आज डेक्स्डमध्ये (डीएक्स७ ची नक्कल करणाऱ्या फुकट सिंथमध्ये) पूर्ण जोरानं वाजवले की जास्त धारदार लागतात. सगळ्या परीक्षकांनी आपल्या हातानं वाजवावंच, पण एक सामाईक मिडी फाइलही सर्वांनी वाजवावी. तिच्यात मंद्र ते तार स्वर, तीन-चार पातळ्यांचा जोर, दहा सेकंद धरलेला स्वर, तुटक स्वर आणि चार स्वरांचा एक कॉर्ड असला की पुरे.

लांब स्वर धरून ठेवणं पुष्कळ जण टाळतात. पॅड (मागे सलग भरून राहणारा आवाज) आहे म्हणून पाठवलेला आवाज तीन सेकंदांनंतर नुसता उभा राहतो का, की आत काही हलत राहतं? बोट उचलल्यावर शेपटी नैसर्गिक विरते की पट्कन तुटते? कॉर्ड धरून पुढचा कॉर्ड वाजवला की आधीचे स्वर मध्येच गिळले जातात का? तसं झालं तर पॉलिफनीची, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची, मर्यादा बघा. लांब रिलीज (बोट उचलल्यावरची शेपटी) आणि कमी पॉलिफनी ही जोडी नेहमी दगा देते. एकच स्वर चार-पाच वेळा वाजवून बघा. मोकळा धावणारा एलएफओ किंवा यादृच्छिक मॉड्युलेशन असलं की प्रत्येक वेळी स्वर निराळा येतो. पॅडमध्ये ते सुंदर, बेसमध्ये कधीकधी ठोकाच हरवतो.

पिच बेंडला आपल्याकडे जास्त महत्त्व आहे. मींड, आंदोलन, गमक हे सगळं आपले कीबोर्डवाले त्या एका व्हीलवर काढतात. सर्जमध्ये बेंडची मर्यादा पॅचमध्येच साठते. बासरी किंवा शहनाईच्या अंगानं बनवलेल्या लीडची मर्यादा तपासा, आणि स्वर ओढताना त्याचा पोत फाटतो का ते ऐका. मॉड व्हील फिरवल्यावर काहीच होत नसेल तर मी गुण कापतो. पॅच वाजवणाऱ्याच्या हातात एवढं तरी असायलाच हवं. सर्जमध्ये त्याशिवाय आठ मॅक्रो (एकाच वेळी अनेक गोष्टी बदलणाऱ्या घुंड्या) आहेत. त्यांना नावं दिलेली असतील आणि प्रत्येक मॅक्रो टोकापर्यंत नेला तरी आवाज कामाचा राहत असेल, तर बनवणाऱ्यानं दुसऱ्याचा विचार केलाय हे नक्की.

वरच्या सप्तकात एक बारीक शिट्टी ऐकू आली तर लक्ष द्या. ४४.१ किलोहर्ट्झला काम करताना २२,०५० हर्ट्झच्या वरची कंपनं मागे दुमडून खाली येतात. ओळखायची खूण सोपी: तुम्ही स्वर चढवत जाता आणि ती शिट्टी उतरत जाते. घंटेच्या किंवा जुन्या डिजिटल धाटणीच्या आवाजात हे मुद्दाम ठेवलेलं असू शकतं. मुलायम लीडमध्ये मात्र ती चूकच.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज

कान इथे फसतातच, अनुभवी माणसाचेही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज लहान असताना कानाला खालचे आणि फार वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज मोठा केला की तेच स्वर भरून येतात. म्हणजे पॅच एकदोन डेसिबलनं मोठा असला तर तो ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘भरदार’ वाटतो. ज्यानं पुढच्याला मिक्समध्ये जागा राहावी म्हणून सभ्यपणे पातळी कमी ठेवली, त्याचे गुण यात जातात.

उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे, म्हणून टाळला जातो. सामाईक मिडी फाइल प्रत्येक पॅचवर वाजवा, एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) दाखवणारा मीटर लावा आणि सगळे पॅच एका पातळीवर आणा, समजा उणे २०. पातळी सिंथच्या बाहेर, ट्रॅकच्या फेडरवर बदला, म्हणजे पॅचला धक्का लागत नाही. सब-बेस आणि टोकदार घंटा यांच्या बाबतीत मीटरचा आकडा पूर्ण खरा मानू नका, शेवटचा अर्धा डेसिबल कानानं जुळवा.

इफेक्ट्सच्या मागे काय आहे?

सर्ज एक्सटीमध्ये इफेक्टच्या सोळा जागा आहेत. मोठा रिव्हर्ब, डिले आणि कोरस लावला की साध्या सॉटूथलाही (करवतीच्या दात्यांसारख्या मूळ लहरीलाही) देवळाचा गाभारा मिळतो. सर्जमध्ये इफेक्ट टप्प्याटप्प्यानं बंद करायची सोय आहे: आधी फक्त सेंड (बाजूला वळवलेल्या आवाजावरचे), मग ग्लोबल (शेवटी एकत्रित आवाजावरचे), मग सगळेच. तिन्ही पायऱ्यांवर ऐका. इफेक्ट काढल्यावरही आवाजाला स्वतःचं व्यक्तिमत्त्व उरतं का? गाण्यात वापरणारा बहुतेक वेळा स्वतःचा रिव्हर्ब लावतो, तेव्हा त्याच्या हाती हाच उघडा आवाज येणार असतो.

ड्रोन आणि वातावरणाच्या पॅचना हा नियम लावू नका. तिथे इफेक्ट हाच आवाजाचा अर्धा देह असतो.

मोनोही याच वेळी तपासा. दोन्ही बाजू एकत्र केल्यावर रुंद बेस पोकळ झाला तर तो मैदानातल्या स्पीकरवर चालणार नाही.

नाव, क्रम आणि थकवा

बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत वादकांचा क्रम चिठ्ठी टाकून ठरतो. तरीही सुरुवातीला वाजवणाऱ्यांच्या वाट्याला खालचे क्रमांक जास्त येतात, हे अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकालांच्या आकड्यांवरून दाखवलं. तिथले परीक्षक जगातले नामवंत. आपल्या छोट्या स्पर्धेत हे होणार नाही असं मानायला काहीच आधार नाही. म्हणून प्रत्येक परीक्षकाला पॅच वेगवेगळ्या क्रमानं द्या. एका बैठकीत दहा-बाराच्या वर ऐकू नका, आणि नव्या बैठकीआधी मागचे दोन पॅच पुन्हा वाजवा, म्हणजे मोजपट्टी सरकत नाही.

नावं झाका. सर्जच्या एफएक्सपी (पॅच साठवणाऱ्या) फाइलमध्ये बनवणाऱ्याचं नाव आणि टिपण आतच साठतं, त्यामुळे नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही. स्वतः गुण न देणाऱ्या एकानं प्रत्येक पॅच उघडून, नाव काढून, क्रमांक घालून पुन्हा साठवावा, तोही स्पर्धेसाठी ठरलेल्याच आवृत्तीत.

गुणांची बेरीज

एक परीक्षक सगळ्यांना सहा ते आठ देतो, दुसरा दोन ते दहा. नुसती बेरीज केली की निकाल दुसराच ठरवतो आणि पहिल्याचं मत हवेत विरतं. प्रत्येकाच्या गुणांवरून आधी त्याचे क्रमांक काढा आणि मग क्रमांकांची बेरीज करा. बेसची बेसशी आणि पॅडची पॅडशी तुलना आधी होऊ द्या, गटातले पहिले नंतर समोरासमोर आणा. स्पर्धकच मतदार असतील तर स्वतःचा पॅच सोडून बाकी सगळ्यांना क्रमांक देणं सक्तीचं करा. आवडत्या तिघांनाच मत द्यायची मुभा असली की ओळखीची नावं वर येतात.

शेरा

‘मस्त’, ‘आवडला नाही’, ‘अजून मेहनत हवी’ असे शेरे लिहू नका. माणसानं रात्री जागून ऑसिलेटर आणि एन्व्हलप जुळवलेले असतात. काय ऐकलं, कुठे ऐकलं आणि काय करून बघता येईल, एवढं दोन ओळींत लिहिता येतं: ‘मधल्या सप्तकात पोत फार सुंदर आहे, हळू वाजवल्यावर तर जास्तच. वरच्या सप्तकात फिल्टर बंद झाल्यासारखा वाटतो, कीट्रॅक वाढवून बघा. मॉड व्हीलवर व्हायब्रॅटो आहे, तिथेच फिल्टरही थोडा उघडला तर वाजवणाऱ्याला आणखी एक जागा मिळेल.’ निकालासोबत हे शेरे प्रत्येकाला पाठवा, शेवटच्या क्रमांकालाही.